जबाबाकडून संवादाकडे

नोकरीत हाताळलेले बरेचसे गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता मुद्देमाल कोणत्या गुन्ह्यातला, कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला थांबावं लागतं. कन्नड तालुक्याच्या बाजूचा तो खून मात्र अजून वेगळा राहिला आहे. त्या तपासाचा मला अभिमान आहे, हे एक कारण. आणि साठीला टेकल्यावर मी त्याच गुन्ह्यावर सिनेमाची पटकथा लिहिली, हे दुसरं. नावं कोणाचीच देणार नाही. माणसं हयात आहेत, त्यांची मुलंबाळं त्याच गावांत नांदत आहेत.

त्या वेळी मी सहायक पोलीस निरीक्षक होतो, एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी. हद्द घाटापर्यंत पसरलेली, माणसं कमी आणि जीप एकच. तीही धक्क्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून ड्रायव्हर ती कायम उतारावर लावून ठेवायचा. दिवाळीनंतरचे दिवस होते. त्या दिवसांत मेंढपाळांचे कळप आमच्या भागात उतरतात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात, आणि कोणाच्या उभ्या पिकात त्या शिरल्या की भांडणं ठाण्यापर्यंत येतात. सकाळची हजेरी झाली की अशी दोन-तीन प्रकरणं समोर उभी असायचीच.

त्या सकाळी पोलीस पाटील मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, "साहेब, शेतात माणूस मरून पडलाय. डोकं फुटलंय."

मेलेला माणूस पन्नाशीचा, अविवाहित. जमीन धाकट्या भावाबरोबर सामाईक होती. धाकटा गावात बायकामुलांसह राहायचा, हा शेतातच खोपट घालून एकटा राहायचा. प्रेत खोपटापासून थोड्या अंतरावर बांधाजवळ पडलं होतं. घाव मागून होता, एकच आणि जबर. आम्ही पंचनामा केला. खोपटात चूल, थोडी भांडी, घोंगडी, कंदील. चुलीजवळ दोन पेले धुऊन पालथे घातलेले होते. ते मी पाहिले आणि पुढे गेलो. एकटा माणूस दोन पेले का धुतो, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. तो नंतर आला.

प्रेत शवविच्छेदनाला पाठवून आम्ही ठाण्यात परतलो आणि संध्याकाळच्या आत खबर आली. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. तिथे बसलेले हवालदार शहरातले, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी हिंदी. फोन ठेवून ते माझ्याकडे आले.

"साब, नाव नाही सांगितलं. म्हणतो, ओढ्याच्या वरच्या अंगाला एक मेंढपाळ पोरगा उतरलाय. उसकी काठी देखो, बोला."

आम्ही गेलो. विशी ओलांडलेला तरुण, कळपाजवळ बसलेला. काठी मागितली तशी त्याने दिली. काठीच्या टोकाला रक्ताचे डाग होते. विचारलं तर म्हणाला, "मेंढी व्याली, साहेब." मी त्याला ठाण्यात आणलं. काठी जप्त करून प्रयोगशाळेकडे पाठवली. त्या काळी तिथून अहवाल यायला आठवडे लागायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन साक्षीदार ठाण्यात हजर झाले. तिघेही त्याच गावचे. एक ट्रॅक्टर चालवणारा, दोघे मजुरीवाले. मयताचा धाकटा भाऊ त्यांना स्वतः घेऊन आला होता. इथे एक गोष्ट सांगतो. आमच्या भागात खुनाचा साक्षीदार स्वतःहून ठाण्याची पायरी चढत नाही. त्याला आणावा लागतो, समजवावा लागतो, कधी त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं. एकाच वेळी तिघे चालत आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिघांचं म्हणणं एकच. दुपार कलल्यावर मेंढपाळाचं आणि मयताचं मेंढ्या शिरल्यावरून भांडण झालं आणि मेंढपाळाने काठी घातली. गावात चर्चा सुरू झाली होती, तहसीलवर मोर्चा न्यायची भाषा होती. वरिष्ठांचा फोन आला.

"आरोपी आहे, हत्यार आहे, पाहणारे तिघे आहेत. आणखी काय हवंय तुम्हाला?"

"साहेब, मला थोडा वेळ द्या. जबाब जरा जास्तच चांगले आहेत."

ते हसले नाहीत, पण वेळ दिला.

कोठडीतल्या पोराशी मी बोलायला बसलो. त्याचं बोलणं म्हणजे गुंता होता. मधूनच सुरू करायचा, मागे जायचा, विषय सोडायचा. "मेंढरं घुसली व्हती, व्हय. त्यानं शिव्या घातल्या. आईवरनं घातल्या. मंग एक मेंढी व्यायला लागली, ती आडली. मंग त्यो बी आला बघाया. त्यानंच तिचं पाय धरलं. कोकरू निगालं. मंग म्हनला, च्या पितू का. म्या म्हनलं, पितो."

"चहा प्यायलास?"

"व्हय. गुळाचा व्हता. म्या पेलं धुतलं."

तेव्हा ते पालथे पेले माझ्या डोळ्यांपुढे आले. शिवीगाळ, मग कोकरू, मग चहा. खोटं बोलणारा माणूस अशी गोष्ट रचत नाही. खोट्याला सुरुवात, मध्य, शेवट असतो. खरं कुठूनही सुरू होतं आणि त्यात अडलेली मेंढी असते.

पण एवढ्यावर माणूस सुटत नाही. काठीवर रक्त होतं आणि बाहेर तीन साक्षीदार होते.

पोराची आई ठाण्याबाहेर कडुलिंबाखाली येऊन बसली होती. तिने मला एकदाच अडवलं. वाटलं, पाया पडेल, रडेल. ती म्हणाली, "साहेब, आत खिडकी हाय का? त्याला छताखाली झोप लागत नाय." खिडकी होती, लहानशी. मी तसं सांगितलं. ती परत जाऊन बसली.

मी तिन्ही साक्षीदारांना पुन्हा बोलावलं, या वेळी एकेकट्याला. पहिला म्हणाला, "मेंढ्या चारण्याच्या कारणावरून त्यांच्यात झटापट झाली." दुसरा म्हणाला, "मेंढ्या चारण्याच्या कारणावरून झटापट झाली." हवालदार लिहून घेत होते. दुसरा बाहेर गेल्यावर त्यांनी पेन ठेवलं.

"साब, ये दोनों एकच टेप बजा रहे. आणि हे 'कारणावरून' काय हाय? वो तो मैं लिखता हूँ."

हवालदार बरोबर बोलले होते. 'अमक्याच्या कारणावरून' ही आमची भाषा. फिर्यादीची, पंचनाम्याची. गावातला माणूस म्हणतो, मेंढरं घुसली म्हणून भांडले. तो झटापट म्हणत नाही, झोंबाझोंबी म्हणतो.

तिसऱ्याला, ट्रॅक्टरवाल्याला, मी आत घेतलं आणि खुनाचं काहीच विचारलं नाही. चहा मागवला. ट्रॅक्टर कोणता, नांगरटीला एकराचं काय घेतो, हे विचारलं. माणूस खुलला. "हायड्रॉलिक लई वरडतंय साहेब. मेकॅनिक म्हनतो, पंप गेला. मला वाटतंय नुसतं तेल कमी हाय." मी ऐकत राहिलो. मग त्याच आवाजात विचारलं, "आणि त्या दिवशी काय पाहिलंस?"

तो ताठ बसला. "दुपारच्या सुमारास मेंढ्या चारण्याच्या कारणावरून सदर मेंढपाळ आणि मयत यांच्यात झटापट झाली."

"भांडण चाललं होतं तेव्हा तो जिवंत होता ना?"

"व्हय साहेब."

"मग तेव्हा तो मयत कसा?"

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मी म्हणालो, "हायड्रॉलिक वरडतंय म्हणालास, ते तुझं बोलणं. हे कोणाचं आहे?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आमाला तसंच म्हनाया सांगितलंय."

दाराबाहेर व्हरांड्यात धाकटा भाऊ बाकावर बसला होता. आमच्या शिपायांशी त्याच्या गप्पा चालल्या होत्या. जमिनीच्या दाव्यांत वर्षानुवर्षं कोर्ट आणि तहसीलच्या पायऱ्या झिजवलेला माणूस. गावात कोणाला अर्ज लिहायचा असला की याच्याकडे यायचे. आमची भाषा त्याला आमच्याइतकीच यायची. ठाण्यात फोन करणाराही तोच असावा, असं हवालदार म्हणाले. आवाज ओळखीचा वाटला होता म्हणे.

त्याची चौकशी सोपी गेली नाही. त्याने आधीच जबाब दिला होता की त्या दिवशी तो तहसीलला होता. तेच तो धरून बसला. आवाज चढवला नाही, घाबरला नाही, कायद्याची कलमं मलाच सांगितली. हात उगारून काही निघेल असा तो माणूस नव्हता, आणि ती माझी पद्धतही नव्हती. दुपार टळली. मग मी सहज म्हणालो, "तुमचे भाऊ मनाने चांगले होते. आईवरून शिव्या दिल्या त्या पोराला, आणि नंतर चहा करून पाजला."

त्याचा चेहरा बदलला. "त्याला? चहा?"

"हो. गुळाचा."

"सख्ख्या भावाला त्या खोपटात कधी पाणी विचारलं नाही त्यानं! त्या दिवशीसुद्धा मला उभ्यानंच—"

तिथेच तो थांबला. हवालदारांनी मान वर केली. मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसता आलं पाहिजे, ही गोष्ट मला एका जुन्या फौजदारांनी शिकवली होती. गप्प बसलं की समोरच्याला स्वतःचं वाक्य ऐकू येतं.

"त्या दिवशी तुम्ही तहसीलला होतात," मी शेवटी म्हणालो.

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सगळं सांगितलं. वाटणीचं बोलायला गेला होता. थोरल्याने ऐकून घेतलं नाही, पाठ फिरवून चालू लागला. शेतात पडलेल्या ट्रॅक्टरच्या सामानातली लोखंडी पहार हाताशी होती. पोराच्या काठीला लागलेलं रक्त त्याने येताना पाहिलं होतं, त्याचाच त्याने फायदा घेतला. पोलिसांसमोरच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, म्हणून पंचांसमोर निवेदन घेऊन त्याने दाखवलेल्या पडक्या विहिरीतून पहार काढली. तिन्ही साक्षीदारांचे जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नव्याने नोंदवले. नंतर काठीचा अहवालही आला, रक्त जनावराचं होतं. पोराला सोडण्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला तेव्हा गाव शांत होतं. भावाला पुढे जन्मठेप झाली. बचाव पक्षाच्या वकिलांनी उलटतपासणीत मला दिवसभर उभं केलं, पण तपासातला एक टाकाही उसवला नाही. हे मी आजही मान ताठ ठेवून सांगतो.

पोरगा सुटला तेव्हा आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि दोघं चालायला लागले. कळप नातेवाइकांनी पुढे नेला होता, तो गाठायचा होता. माझ्या दृष्टीने गुन्हा उघडकीस आला, फाइल बंद झाली.

निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरात राहायला आलो. पहिले काही महिने बरे गेले. मग बायको वैतागली. भाजीवाल्याला मी उलटतपासणी केल्यासारखं विचारतो, असं तिचं म्हणणं. "तुम्ही काहीतरी करा," ती म्हणाली, "नाहीतर या घराचं ठाणं होईल." शहरात पटकथालेखनाचा वर्ग सुरू होतोय, असं तिनेच वर्तमानपत्रात वाचलं. मला सिनेमाचं वेड लहानपणापासून होतं. बंदोबस्ताला थिएटरवर नेमणूक झाली की इतर कुरकुरायचे, मी खूश असायचो. मी नाव घातलं.

वर्गात सगळी माझ्या मुलीच्या वयाची मुलं. शिकवणारी बाई पस्तिशीची. लासूर स्टेशनच्या एका अडत व्यापाऱ्याची मुलगी, मुंबईत बरीच वर्षं सिनेमात काम करून परत आलेली. ती मला काका म्हणायची, पण गृहपाठ तपासताना काका-बिका काही नाही.

मी हाच गुन्हा लिहायला घेतला. पहिले प्रसंग लिहून झोकात वाचून दाखवले. वर्ग शांत. बाई म्हणाल्या, "काका, तपास भारी आहे. पण तुमची माणसं बोलत नाहीत, जबाब देतात."

मी उखडलो. "म्हणजे काय?"

"तुमचा मेंढपाळ म्हणतो, 'माझा सदर घटनेशी संबंध नाही.' असं बोलेल का तो?"

पोरं हसली. मीही आधी रागावलो आणि मग इतका हसलो की खोकला आला. ज्या भाषेवरून मी खुनी पकडला होता, तीच भाषा मी मेंढपाळाच्या तोंडी घातली होती! उभी हयात लिहिलेली भाषा हाताला चिकटली होती. त्यानंतर मी रोज सकाळी बसस्टँडवर, धान्याच्या मोंढ्यात, चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागलो. नुसतं ऐकायचं. पूर्वी लोकांचं बोलणं मी पुराव्यासाठी ऐकायचो. आता त्यांच्या चालीसाठी ऐकू लागलो. हळूहळू हात सैल झाला.

दुसरा खर्डा वाचल्यावर बाईंनी वेगळंच काढलं. "हा सिनेमा तुमचा नाही वाटत. त्या आईचा वाटतो. ती बाहेर बसली होती ना? बाहेर काय चाललं होतं?"

"मी आत होतो."

"तेच म्हणते. बाहेर काय चाललं होतं?"

मला सांगता येईना. माझं काम आत होतं, ते मी केलं होतं. बाहेरचं कोणी लिहून ठेवत नाही. मग मी ठरवलं, जाऊन विचारायचं.

तो मेंढपाळ तालुक्याच्या सीमेवरच्या गावात स्थिरावला होता. थोडी शेती, थोड्या मेंढ्या. मला पाहून आधी दचकला. मग ओळख पटली आणि बाज टाकली. आई थकली होती, पण नजर तीच. मी येण्याचं कारण सांगितलं. सिनेमा म्हटल्यावर त्याला हसू आलं. "आमचा कशाला सिनेमा?" आई म्हणाली, "असूं दे. इचारा काय इचारायचं ते."

मी विचारलं, ठाण्याबाहेर बसली होतीस तेव्हा काय झालं? खाल्लंस काय?

"भाकर," ती म्हणाली. "ती बाई द्यायची."

"कोण बाई?"

"त्या भावाची बायको. तुमी नंतर आत घातला त्याची."

मी सावरून बसलो. ती सांगत गेली. नवरा साक्षीदारांना घेऊन ठाण्यात दिवसभर बसायचा, म्हणून ही बाई गावातून काळीपिवळी जीपने त्याची भाकरी घेऊन यायची. फाटकाशी जीपमधून उतरली की लिंबाखाली यायची. फडकं सोडायची, निम्मी भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे कालवण, आईच्या मांडीवर ठेवायची आणि उरलेलं आत नवऱ्याला नेऊन द्यायची. शब्द नाही.

"समदं गाव म्हनत व्हतं माझ्या लेकानं तिच्या दिराला मारलं. आन् ती मला भाकर द्यायची. पहिल्या दिशी म्या घेतली नाय. ती तशीच हुबी ऱ्हायली. मंग घेतली."

"तिला माहीत होतं?"

"तिनं कधी तोंड उघडलं नाय. म्या बी इचारलं नाय." म्हातारीने पदर सारखा केला. "तिच्या मालकाला आत घातलं त्या दिशी बी आली ती. ते समदं गठुडंच माझ्या म्होरं ठिवलं आन् तशीच माघारी गेली."

मी आत खुनी शोधत होतो आणि माझ्याच ठाण्याच्या फाटकाबाहेर हे चाललं होतं. शिपायांनी पाहिलं असेल, पण बाईने बाईला भाकरी दिली, याची स्टेशन डायरीत नोंद होत नाही. परतताना एसटीत मी सबंध प्रसंग मनात लिहून काढला. सिनेमा सापडला होता.

पण तो त्या बाईला विचारल्याशिवाय लिहिणं मला योग्य वाटलं नाही. ती त्याच गावात राहत होती. नवरा शिक्षा भोगत असतानाच आजारी पडून गेला होता. जमीन तिने एकटीने सांभाळली, मुलगा शहरात कंपनीत लागला. मी गेलो तेव्हा ती अंगणात बी निवडत होती. मला तिने लगेच ओळखलं. उठली नाही, पण पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग माझ्यातल्या जुन्या पोलिसाला राहवेना. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?"

"साहेब, तुमी आता नोकरीत नाय ना?"

"नाही."

"मंग हे इचारू नका."

मी गप्प बसलो. या वेळी चौकशीचं गप्प बसणं नव्हतं ते. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले.

"माझं नाव, गाव येनार न्हाई ना त्यात?"

"नाही. शब्द देतो."

"मंग भाकर दिली तेवढी दाखवा. का दिली, ते नका सांगू."

एवढं बोलून तिने सूप पुन्हा हातात घेतलं. मी उठलो.

पोलिसांच्या कामात हेतू सर्वांत मोठा. का केलं, याचं उत्तर नसेल तर दोषारोपपत्र लंगडं. सगळी नोकरी मी 'का' विचारण्यात घालवली. आता मला असा प्रसंग लिहायचा होता ज्यात 'का' नाही. तो लिहायला मला सबंध पटकथेपेक्षा जास्त वेळ लागला. कितीदा तरी तिच्या तोंडी वाक्य टाकलं आणि खोडलं. शेवटी कागदावर एवढंच राहिलं: जीप थांबते, बाई उतरते, फडकं सोडते, निम्मी भाकरी ठेवते, आत जाते. लासूरच्या बाईंनी तो वाचला आणि कागद परत देताना म्हणाल्या, "काका, आता तुम्ही पटकथाकार झालात." खात्याकडून शाबासकीची पत्रं बरीच मिळाली होती. पण त्या दिवशी मी पुंडलिकनगरला रिक्षा न करता चालत गेलो, वाटेत पेढे घेतले.

निर्माते मिळणं सोपं नव्हतं. पहिल्याला फौजदार हीरोसारखा हवा होता, चौकशीत दोन थोबाडीत मारणारा. मी म्हणालो, माझ्या ठाण्यात तसं झालं नाही. दुसऱ्याला बाकी सगळं आवडलं, पण भाकरी देणाऱ्या बाईचा नवऱ्याशी एक जोरदार प्रसंग हवा होता. तिने त्याला जाब विचारावा, टाळ्या मिळतील. त्याने मानधनही चांगलं सांगितलं. मी नाही म्हणालो. बायकोने विचारलं, एवढं का अडून बसलात? मी म्हणालो, मी शब्द दिलाय. ती म्हणाली, मग बसा अडून. वर्ष गेलं. मग लासूरच्या बाईंच्याच ओळखीतल्या एका तरुण दिग्दर्शकाने वर्गणी काढल्यासारखे पैसे जमवून तो सिनेमा केला. चित्रीकरण आमच्याच भागात झालं. ठाण्याचं फाटक आणि लिंब कुठे असावं, हे मी उन्हात उभं राहून दाखवलं. टोपी असूनही डोकं तापलं, पण मजा आली.

सिनेमा पुण्यामुंबईत दाखवला गेला, कौतुक झालं. पण मी हट्ट धरला की एक खेळ कन्नडला व्हायचा. एक मंगल कार्यालय घेतलं, पडदा लावला. मेंढपाळ आईला घेऊन आला. गावांतून माणसं आली, निवृत्त हवालदार शहरातून मुलाच्या गाडीतून आले. पडद्यावर 'पटकथा' या शब्दाखाली माझं नाव आलं तेव्हा बायकोने माझा दंड एवढा घट्ट धरला की दुखला.

ट्रॅक्टरवाल्याच्या प्रसंगाला हशा झाला. 'मग तेव्हा तो मयत कसा?' या वाक्यावर हवालदार मोठ्याने म्हणाले, "बराबर!" मग भाकरीचा प्रसंग आला. हॉलमध्ये लहान मुलं होती, खुर्च्या करकरत होत्या, तरी आवाज थांबले. मागच्या ओळीत एका बाईने दुसरीला विचारलेलं मी ऐकलं, "हिला म्हाईत हाय व्हय गं?" दुसरी म्हणाली, "आसंल." तिसरी म्हणाली, "नसंल बी. तशीच दिली आसंल." खेळ संपल्यावरही त्या दाराशी उभ्या राहून तेच बोलत होत्या. म्हातारीला मी विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, "म्या येवढी वाकून बसत नव्हते. पर चांगला हाय."

भाकरी देणाऱ्या बाई आल्या नव्हत्या. मी निरोप पाठवला होता, आग्रह केला नव्हता.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर नोकरीत असताना मी एक उत्तर दिलं असतं: माणूस काय बोलतो यापेक्षा कोणाच्या भाषेत बोलतो, ते ऐका. ते अजूनही खरं आहे, नव्या अधिकाऱ्यांना मी ते सांगतो. पण वयाच्या या टप्प्यावर दुसरं कळलं. काही गोष्टी सिद्ध करायच्या नसतात, नुसत्या दाखवायच्या असतात. हे शिकायला मला खाकी उतरवून मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसावं लागलं, आणि बसलो याचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे.

कन्नडच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. अनोळखी नंबर होता. आवाज मी ओळखला.

"दाखवला व्हय काल?"

"दाखवला."

"भाकर?"

"तीही दाखवली."

पलीकडे कोंबडी ओरडत होती.

"का ते सांगितलं?"

"नाही."

"बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.